पंधरा सूचना आणि एक टाकी

"आणि वाळूत गाडी घालायची नाय. नाय म्हंजे नाय!" मी चौथ्यांदा सांगितलं आणि तात्यासाहेबांनी चौथ्यांदा हात वर केला.

"पण ताई, वाळू कडक असली तर?"

"कडक असली तरी नाय. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा वर येतं, तात्यासाहेब. उभी गाडी गिळतं."

"पावसाशिवाय?" तात्यासाहेब गालातल्या गालात हसले. पैठण रोडला त्यांची वडिलोपार्जित शेती, उभा जन्म धरणाच्या पाण्याकडं बघण्यात गेलेला. "आमच्या नाथसागराचं पाणी कधी असं चालत आलेलं पाह्यलं नाय बुवा."

अख्खं सभागृह खदखदलं. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चिकलठाण्याच्या आमच्या कॉलनीतून कोकणची बस सुटणार होती. चोवीस माणसं, तीन दिवस, आणि बसच्या मागे तात्यासाहेबांची नवीकोरी गाडी. मी इथल्याच एका कंपनीत पॅकिंगला होते. ती बंद पडली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी सहली नेते. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून पंधरा सूचना देते. पंधरा सूचना कसल्या, गाढवापुढं वाचली गीता! पण यंदा मी हातात कागद धरून एकेक सूचना वदवून घेत होते, कारण मयेकर वहिनींचा फोन आला होता.

मयेकर वहिनी म्हणजे दापोलीच्या बाजूला, समुद्राकाठी, ज्यांच्या घरी आम्ही उतरतो त्या. सात खोल्या, पडवी, मागं नारळ-पोफळी. माझ्या माणसांना परवडेल अशा दरात अख्खं घर देणारं त्या किनाऱ्यावर दुसरं कुणी नाही. मी सगळीकडं विचारून झालंय. मागच्या वर्षी आमच्या एका हिरोनं त्यांच्या वाडीतली शहाळी पाडली, दुसऱ्यानं वाळत घातलेल्या जाळ्यांवर चादर पसरून पत्ते कुटले. वहिनी फोनवर अगदी हळू म्हणाल्या, "करुणाताई, या. पण या वेळी काही झालं, तर पुढे नको." आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. कोकणातला माणूस हळू बोलला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. ही माझी तेरावी सूचना आहे.

"पडवीत चपला नाय. जेवणारी माणसं किती ते सकाळी नऊच्या आत सांगायचं, ऐनवेळी 'अजून दोन ताटं वाढा' नाय. होडीला चपलेचा पाय लावायचा नाय, ती त्यांची रोजीरोटी हाये. झाडाखाली पडलेला आंबासुद्धा मालकाचा. मासळीवालीचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं. आणि ते 'बघू' म्हणले की त्याचा अर्थ 'नाय' असा धरायचा."

"मग 'व्हय' म्हणायचं असलं तर काय म्हणत्यात?" मागून केसरमावशींनी विचारलं. माझ्याच गल्लीतल्या, सत्तरीच्या. समुद्र बघायचा म्हणून दोन वर्षं माझ्या मागं लागल्या होत्या.

"तेव्हा पण 'बघू'च म्हणतात, मावशी."

पुन्हा हशा. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

पण खरं सांगते, पोचलो त्या संध्याकाळी माझी माणसं अशी वागली की मलाच संशय आला. चपला पडवीबाहेर ओळीनं. बोलणं कुजबुजत. तात्यासाहेबांनी गाडी वाळूपासून इतकी लांब लावली की त्यांना चालून चालून धाप लागली. वहिनींनी मला डोळ्यांनीच शाबासकी दिली. मी बिनघोर झोपले.

सकाळी सातला दारावर थाप. वहिनी उभ्या होत्या.

"करुणाताई, टाकी रिकामी आहे."

"कसली टाकी?"

"पाण्याची. काल तुम्ही येण्याआधी काठोकाठ भरून ठेवली होती. मे महिना आहे हो. विहिरीत दिवसाला एका टाकीपुरतंच पाणी चढतं, पंप संध्याकाळीच लागतो. चोवीस माणसांना ते पुरतं, दर उन्हाळ्यात पाहुण्यांना मीच हिशेबानं देते. या खेपेला घरातल्या देवाला पाणी नाही." आणि मग अगदी हळू, "आज जेवून घ्या. पण रात्रीची सोय दुसरीकडे बघा. आणि पुढच्या वर्षी नको."

ते घर गेलं म्हणजे माझी कोकणची सहल गेली, आणि त्या सहलीवर माझं वर्ष निघतं. मी तणतणत पहिल्या खोलीत शिरले. न्हाणीत बादली भरलेली, टब भरलेला, मग भरलेला. दुसऱ्या खोलीत तेच, शिवाय घरून आणलेले पाच लिटरचे दोन कॅन. तिसरीत चहाचं पातेलं आणि थर्मास. तात्यासाहेबांनी तर मासळी न्यायला आणलेला थर्माकोलचा खोका भरून ठेवला होता!

"अहो, मासळीच्या खोक्यात पाणी? काय डोकं ठिकाणावर हाये का?"

"नळ चालू व्हता ना, ताई," तात्यासाहेब गडबडले. "लई मोठी धार व्हती. म्हणलं, भरून घ्यावं. उद्याचं काय सांगता येतंय?"

"उद्या पण येणार होतं की! इथं रोज येतं!"

"ते आम्हाला काय म्हाईत? कागदावर नव्हतं."

मी चरफडत केसरमावशींच्या खोलीत गेले. त्यांनी बादलीवर स्वच्छ फडकं बांधलं होतं. "मावशी, तुम्ही तरी! म्हातारपणी अक्कल वाटायची ती सोडून..."

"आलेलं पाणी सोडायचं का गं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मला तर झोपच लागंना. नळाला पाणी अन् मी आडवी. उठले अन् भरलं."

मला रडू फुटेल असं वाटलं. सगळ्यांना एकेक शेलकी शिवी हासडून मी माझ्या खोलीत आले. तोंडावर पाणी मारावं म्हणून न्हाणीत गेले, नळ कोरडा. म्हणून ताटली बाजूला सारली आणि बादलीत मग बुडवला.

हात तसाच राहिला. ताटली कुणी झाकली होती? मी. बादली, टब, पितळी तांब्या, बाटल्या तीन. काल आल्या आल्या, पिशवी खाली ठेवायच्या आधी. आमच्या कॉलनीत नळाला नवव्या दिवशी पाणी येतं, ते पण पाऊण तास. पाणी आलं की हात आपोआप चालतात, त्यात विचार करायचा नसतोच. अकरा वर्षं मी हिवाळ्यातच येत होते, विहीर भरलेली असायची, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. यंदा मे महिना मीच धरला. मला माझीच इतकी लाज वाटली की हातातला मग सुटला.

मी तशीच पडवीत गेले. "वहिनी, त्यांना बोलू नका. मी पण भरलंय. सगळ्यात आधी मीच."

वहिनी वळून टाकीकडं बघू लागल्या.

मागं खुडबुड झाली. केसरमावशी हातात बादली घेऊन उभ्या होत्या. "ही टाकी कुठंय, बाई? वरतीच हाये ना? झाकण उघडा."

टाकी घराच्या बाजूला, चौथऱ्यावर. वर जायला लाल चिऱ्याच्या अकरा पायऱ्या. मावशींनी पिशवीतून धुतलेलं पातळ काढलं, पाणी गाळून पडावं म्हणून ते टाकीच्या तोंडावर बांधायला वर पाठवलं, आणि खाली स्वतः ठाण मांडून बसल्या.

"ह्यात हात घातलाय का? खरं सांगा."

"नाय, मावशी."

"मग वर जाऊ द्या. तुमच्यात? न्हाणीतला मग बुडीवला? ते पोफळीला घाला."

कुणाला काही सांगावंच लागलं नाही. बायका आपोआप पायरीपायरीवर उभ्या राहिल्या, बादल्या या हातातून त्या हातात वर जाऊ लागल्या. एरवी बसमध्ये खिडकीसाठी भांडणारी ही माणसं! कुणी ढकललं नाही, कुणी "माझी आधी" म्हणालं नाही. तात्यासाहेब थर्माकोलचा खोका छातीशी धरून, तान्हं मूल न्यावं तसे, पायरी चढले आणि मावशींनी तो वासावरूनच पोफळीकडं वळवला. माझी बादली गेली, टब गेला, तीन बाटल्याही. अर्ध्या तासात पाऊण टाकी भरली.

वहिनी पडवीतून उतरून पायऱ्यांपाशी आल्या. चिऱ्यावर पाणी सांडलं की काळा डाग पडतो. त्या वाकून एकेक पायरी बघत वरपर्यंत गेल्या आणि परत आल्या. सगळ्या पायऱ्या लालच होत्या.

"थेंब नाही सांडला," त्या म्हणाल्या.

"सांडायला यायला पायजे की आधी," केसरमावशी म्हणाल्या.

वहिनी त्यांच्या शेजारी टेकल्या. "तुमच्याकडे कितव्या दिवशी येतं, आजी?"

"नवव्या. कधी दहाव्या. आधी टँकर व्हता, त्याच्या आधी आड. पाणी भरण्यातच जन्म गेला, बाई."

वहिनी उठल्या. मग मला म्हणाल्या, "राहा दोन दिवस. आणि पुढच्या खेपेला यांना मार्गशीर्षात आणा. विहीर तोंडापर्यंत असते तेव्हा, हातानं पाणी घेता येतं."

मी हो म्हणाले.

दहाच्या सुमाराला सगळे समुद्रावर निघाले. मी फाटकापाशी माणसं मोजली, तेवीस. केसरमावशी नव्हत्या. ज्या समुद्रासाठी दोन वर्षं माझं डोकं खाल्लं, तो दोनशे पावलांवर गर्जत होता आणि या बाई गायब! मी पुन्हा चिडून मागं वळले.

त्या अंगणातल्या नळापाशी उकिडव्या बसल्या होत्या. जवळ बादली नाही, तांब्या नाही. नळ करंगळीएवढा उघडला, ओंजळ धरली, बंद केला. ओलं तोंडावरून फिरवलं. थोडं थांबून पुन्हा उघडला.

मला बघून त्यांनी मान वर केली.

"येतंय गं अजून," त्या म्हणाल्या.