फक्कीचा बाण

खुर्चीत माणूस असता तर रत्नाने मान वर करून बघितलंही नसतं. पण खुर्चीत होतं वाळूचं पोतं. दवाखान्यात असते तसली चाकांची खुर्ची, तिला दोरीने बांधलेलं पोतं, आणि ते ढकलत कॅनलच्या रस्त्याने चाललेला एक पॅन्टशर्टवाला. असलं ध्यान सकाळी सकाळी दारावरून गेल्यावर कुणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही?

"येडा हाय का काय गो?" रत्नाची जाऊ रंजना म्हणाली.

"येडा नाय. मोजतंय काय तरी."

मोजतच होता तो. थोडं जायचं, थांबायचं, मोबाइल जमिनीवर आडवा ठेवून निरखायचं, परत ढकलायचं. रत्नाच्या अंगणाला लागून एक बैलगाडीची वाट कॅनलवरून हळूहळू नदीकडे उतरते, तिथे तर स्वारी दोन-तीनदा खाली-वर झाली. मग अंगणात येऊन पाणी मागितलं. पाणी पिता पिता विचारतो काय, तर वाडीत घरं किती, संडास कुठे, त्याचं दार केवढं रुंद. दाराची रुंदी! रत्नाने तांब्या त्याच्या हातातून काढूनच घेतला.

"तुमाला कशाला पायजे?"

"घरच्यांना फिरायला आणायचंय वहिनी, नदीपर्यंत. मुरबाडकडेही अशीच एक वाट बघून आलोय. मी अनिल. वाशिंदला राहतो, कंपनीत आहे."

घ्या. म्हणजे मुरबाडपण रस्त्यात गेलं. आणि थाप मारायची तरी ती किती? भात कापून उघडी पडलेली खाचरं नि गुरं बसतात ती नदी, ती बघायला म्हणे वाशिंदहून माणसं येणार, तीही खुर्चीत बसून. तो गेल्यावर रत्ना थुंकलीच.

फिरायला येणारी माणसं तिला चांगली ठाऊक होती. आधी एक जण येतो, पाणी पितो, वहिनी वहिनी करतो. मग मोजणीची पांढरी फक्की पडते. मग जेसीबी. मोठा रस्ता आला तेव्हा तिचं पहिलं घर असंच फक्कीच्या रेघेत सापडलं होतं. जमीन ज्यांच्या नावावर होती त्यांना मोबदला मिळाला. रत्नाचं नाव कुठेच नव्हतं, तिला फक्त "बाजूला व्हा" मिळालं. मग नवऱ्याने, दिनेशने, कॅनलच्या कडेला सरकारी जागेत हे कुडाचं घर उभं केलं. दिवाळी झाली की तो वीटभट्टीवर जायचा तो पावसाच्या तोंडावर परतायचा. तोवर घर राखायचं तिनेच. आणि हेही गेलं तर पुढे सरकायला जागा नव्हती, पुढे नदीच होती.

शनिवारी संध्याकाळी अनिल परत आला, या खेपेला खांद्यावर फक्कीची पिशवी. कॅनलच्या रस्त्यावर, बैलगाडीच्या वाटेच्या तोंडाशी त्याने हा एवढा बाण काढला. बाणाचं टोक कुणीकडे? सरळ रत्नाच्या घराकडे.

"उद्या येतो हां," तो हसून म्हणाला.

तो दिसेनासा होताच रत्नाने घमेलं घेतलं, बाण मातीसकट खरवडून घमेल्यात भरला आणि त्या जागेवर शेण सारवून टाकलं. घमेलं डोक्यावर घेऊन ती निघाली ती पुढच्या फाट्यावर. तिथून एक वाट वाल्मिकच्या शेतात उतरते. वाल्मिक म्हणजे गावचा जुना शेतकरी, लावणीला रत्ना त्याच्याकडेच जायची. त्या वाटेच्या तोंडाशी तिने फक्की ओतली आणि बोटांनी नीटस बाण काढला.

"अगो, ती दादांची जमीन," रंजना म्हणाली.

"मग जाऊ दे रस्ता त्यांच्यातून. त्यांना बदल्यात काय तरी मिलंल. आमाला काय मिलतं?"

तुम्ही हसाल. पण फक्की पडते तिथूनच रस्ता जातो, हे रत्नाने आजवर डोळ्यांनी बघितलं होतं. फक्की हलवली की रस्ता हलला, तिचा हिशेब सरळ होता.

रविवारी ती डोळ्यात तेल घालून दारात बसली. लांब, पुलापाशी एक गाडी थांबली. रत्नाला वाटलं, आले साहेब. पण कॅनलच्या रस्त्यावर आली ती तीच चाकांची खुर्ची, आणि आज तिच्यात पोतं नव्हतं, बाई होती. तिशी-पस्तिशीची, पंजाबी ड्रेसातली, पाय शालीखाली निपचित. मागे ढकलायला कुणी नाही. आपली आपण दोन्ही हातांनी चाकं फिरवत, एकटीच गाणं गुणगुणत येत होती. अनिल मागे गाडी लावत होता.

बाई बैलगाडीच्या वाटेपाशी आली. इकडेतिकडे बघितलं, जमिनीवर काहीतरी शोधलं. शेणाने सारवलेल्या जागेवरून तिची चाकं गेली. मग पुढचा बाण दिसला तशी तिने मान हलवली आणि निघाली त्या दिशेला.

ती वाट कसली होती? कॅनलच्या भरावावरून धाडकन खाली शेतात, बैलसुद्धा जपून पाय टाकतो असली. रत्नाने नुसती हाक मारायची होती, "बाई, तिकडं नको." पण हाक मारली तर बाण कुणी हलवला ते उघडं पडणार, आणि ही साहेबांचीच कुणी निघाली तर? बाईमाणूस पुढे करून काम साधणारे तिने बघितले नव्हते थोडेच. ती दारातच बसून राहिली. तेवढ्यात खालून आवाज आला, आधी लोखंडाचा, मग माणसाचा.

रत्ना धावली. खुर्ची उलटी, एक चाक हवेत फिरतंय, आणि बाई कापलेल्या भाताच्या धसांमध्ये पालथी. कोपर सोलवटलेलं, गालावर माती. रत्नाने काखेत हात घालून तिला उठवून बसवलं. पाय नुसते मागून ओढत आले. या पायांचं सोंग कुणी घेऊ शकत नाही.

अनिल धापा टाकत आला. "सरिता! अगं इकडे कुठे आलीस?"

"तुझा बाणच इकडे आहे, दादा."

अनिलने वर जाऊन बघितलं. "मी इथे फक्की टाकलीच नव्हती. मुद्दाम केलंय कुणीतरी हे."

आरडाओरडा ऐकून वाल्मिक शेतातून आला. त्याने पडलेली बाई बघायच्या आधी फक्की बघितली. तोही याच मातीतला, त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्या शेताच्या तोंडावर फक्की कुनी मारली? कसला सर्व्हे चाललाय? तुमी कोन?"

"मी कोण? माझ्या बहिणीला तुमच्या शेतात पाडलंत, आणि वर मलाच विचारता?"

"आमी पाडलं? थांबा, तलाठ्यालाच फोन लावतो. येऊन बघू दे त्याला, कॅनलवर काय काय चाललंय ते."

वाल्मिकने मोबाइल काढला. तलाठी आला की तो फक्की बघेल, मग कॅनल बघेल, मग कॅनलच्या कडेचं रत्नाचं कुडाचं घर बघेल. घर वाचवायला केलं आणि घरावरच येऊन बसलं. गप्प राहिली तरी गेलं, बोलली तरी काय व्हायचं ते देव जाणे. आणि मांडीला टेकून ती बाई बसली होती, कोपरातून रक्त येत होतं.

"दादा, फोन नका लावू," रत्ना वाल्मिकला म्हणाली. "फक्की मी टाकली."

"तू? माझ्या शेतावर?"

"रस्ता माझ्या घरावरनं जानार व्हता. तुमच्यातनं जाऊ दे म्हनलं."

"माझ्या लावनीचं जेवलीस नि माझ्याच जमिनीवर उठलीस," एवढं म्हणून वाल्मिकने मोबाइल खिशात घातला. तलाठ्याला बोलावून त्याला तरी काय मिळणार होतं? तो बांधावर जाऊन पाठ करून बसला. अनिल तावातावाने पुढे आला, पण सरिताने हात वर करून त्याला थांबवलं.

"कसला रस्ता?" तिने रत्नाला विचारलं.

रत्नाने सांगितलं. पहिलं घर, फक्की, जेसीबी, सगळं. सांगताना ती खालीच बघत होती.

सरिताने रागाने गालावरची माती पुसली. "आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट कायम बंद. पाय गेले तेव्हापासून दोन वर्षं त्या घरात आहे. आज दादाला म्हटलं, मागे येऊ नकोस, बाण बघत माझी मी जाईन. दोन वर्षांत पहिल्यांदा एकटी चालले होते मी. आणि तुम्हाला वाटलं, मी तुमचं घर घ्यायला आले. अहो, मला माझ्याच घराचा वीट आलाय."

रत्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी बगत व्हते," ती म्हणाली. "दारातनं. हाक नाय मारली."

हे कुणी विचारलंही नव्हतं. सरिताने तिच्याकडे एकटक बघितलं.

"चल घरी," अनिल म्हणाला.

"नाही. नदी बघायला आलेय, बघूनच जाणार. यांना ढकलू दे."

अनिल आणि रत्नाने मिळून खुर्ची भरावावर चढवली. रत्नाने आपल्या पदराने सीट पुसली, सरिताला उचलून बसवलं आणि खुर्ची मागे वळवली. बैलगाडीच्या वाटेने, स्वतःच्या अंगणाला लागून, रंजना तोंडात पदर घालून बघत असताना तिने ती खाली न्यायला घेतली. चाकं गरगर चालली होती. मनातली पाल मात्र अजून गप्प बसली नव्हती.

"बाई, खरं सांगा. रस्ता नाय ना येनार?"

"मला कोण सांगणार? माझं कोण ऐकतं?" सरिता म्हणाली. "पण आला ना, तर मी खुर्चीसकट तुमच्या दारात येऊन बसेन. मग हलवू दे कुणाला हलवायचं ते."

असं बोलणारी माणसं रत्नाने बघितली होती. बोलतात आणि जातात.

"तुमी येनार कशा? तिसऱ्या मजल्यावरनं?"

सरिताने मागे वळून बघितलं नाही. समोर आता नदी दिसायला लागली होती.

"तुम्हीच या मग न्यायला," ती म्हणाली.