कोरड्या सुईचं कुंकू

'मी एक जुनी सुई आहे' अशी ऐटीत सुरुवात करायची माझी फार हौस होती, मित्रांनो. पण आमच्या कुळात जुनं व्हायची सोयच नाही. एकदा टोचायचं आणि डब्यात जायचं, संपलं! म्हणून हे एवढंसं आयुष्य मी जरा तिखटमीठ लावून सांगणार आहे.

मी केसासारखी बारीक. इंजेक्शनची सुई माझी चुलत बहीण. तिच्या पोटात भोक, भोकातून औषध जातं, म्हणून तिचा तोरा काय विचारता! मी आपली भरीव. आखडलेल्या स्नायूत शिरून त्याला सैल करायचं, हे माझं काम. औषध नाही, म्हणून मला कोरडी सुई म्हणतात. दहिवलीला रुचिता डॉक्टरांचा पायांचा दवाखाना आहे. तिथल्या खणात, बंद पाकिटात, मी माझ्या नंबराची वाट बघत पडले होते.

एके दिवशी कुंभिवलीच्या आनंदीबाई लंगडत आत आल्या. मागे त्यांचा मुलगा राजेश. गौरी तोंडावर आल्या होत्या आणि बाईंची पोटरी दगडासारखी झाली होती. गावात गौरीचा फेर धरायचा तो आनंदीबाईंनीच, असा रिवाज.

"यंदा मी बसले, तर जाऊबाई फेर धरनार," त्या म्हणाल्या. "तिला सूर नाय, ताल नाय. गौर उठून सासरी जायाची!"

डॉक्टरांनी पोटरी दाबली. एका जागी बोट थांबलं. "आजी, इथे गाठ आहे."

झालं! राजेशच्या तोंडचं पाणी पळालं. आनंदीबाईंनी डोळ्याला पदर लावला. "गाठ? अगं माझे बाये! राजेश, माझी ठुशी रियाला दे रं. नातीलाच दे. जाऊबाईच्या हाती लागू देऊ नको."

"अहो आजी, ती गाठ नव्हे!" डॉक्टर घाबरून म्हणाल्या. "स्नायू आखडलाय. दोरीला पीळ बसतो ना, तसा."

"मंग पीळ म्हन ना गं पोरी! जीव घेतलास माझा."

"आईला पीळ पयल्यापासूनच हाय," राजेश पुटपुटला. जिवात जीव आला होता ना त्याच्या!

मग माझं पाकीट फाटलं. काय सांगू, मित्रांनो, अखेर माझा नंबर लागला! बाईंनी मला निरखून पाहिलं. "यात औषध कुठं हाय?"

"नसतं आजी. कोरडीच टोचायची."

"म्हंजे नुसतंच टोचनार? आमी काट्यासाठी पायात सुई घालतो, पन काटा तरी निघतो!"

डॉक्टरांनी पोटरी पुसली आणि मी आत शिरले. त्या पिळात नेमकी पोचले, तशी पोटरी टणकन उडाली. आनंदीबाई ओरडल्या, "आत बेडूक हाय गं!" डॉक्टर म्हणाल्या, असं उडणं चांगलंच असतं. थोड्या वेळानं मला काढलं. बाईंनी पाऊल वरखाली करून पाहिलं. चेहरा जरा उजळला.

"दोन दिवस दुखेल," डॉक्टरांनी बजावलं. "आणि नुसत्या सुईनं भागणार नाही. रोज भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. झिजलेली चप्पल बदलायची. फेराचं मग बघू."

"बरं. पन ती सुई दे. गोधडीच्या सुयांत ठेवते."

"नाही आजी. एकदा वापरली की फेकायची. दुसऱ्याला टोचली तर रोग पसरेल."

"एवढी चांगली सुई, न् एकदाच?" बाई हळहळल्या. खरं सांगते, तेवढ्यानं मला भरून आलं. माझ्यासाठी हळहळणारं दुसरं कोण होतं?

मी पांढऱ्या डब्यात पडले. वर धोक्याची खूण. आत सगळ्या आमच्याच बहिणी, आणि त्या इंजेक्शनवालीचा तोरा तिथेही तसाच! मला एकच घोर लागला होता: फेर कोण धरणार?

डबा भरायच्या आतच बाहेर आवाज आला, "पोरी, हाईस का?" आनंदीबाई! आणि पावलांचा आवाज लंगडत नव्हता!

"फेर मीच धरला," त्या सांगत होत्या. "पयलाच हां. मंग गुमान खुर्चीवर बसून गायले. जाऊबाईला म्हटलं, नाच आता, सूर मी सांभाळते. रोज भिंत ढकलते गं! घरचे म्हनतात, घर पाडतीस का?"

मग त्यांनी विचारलं, "माझी सुई कुठल्या डब्यात हाय?" डॉक्टरांनी बोट दाखवलं. बाईंनी गौरीच्या हळदकुंकवाची पुडी सोडली आणि डब्याला हळदकुंकू लावलं. कुंकू बसलं बरोब्बर धोक्याच्या खुणेवर. डॉक्टर हसल्या, पण पुसलं नाही. इंजेक्शनवाली पहिल्यांदाच गप्प बसली.

आता डबा भरला आहे, न्यायला गाडी येईल. मित्रांनो, दुखणं अंगावर काढू नका, आणि वापरलेली सुई पुन्हा वापरू नका. मला काही जुनं होता आलं नाही. तुमच्या पायांना मात्र चांगलं जुनं होऊ द्या.