वरच्या मजल्यावरचा खोकला

माझी मावशी बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करते. तिचं पोटच आवाजावर. तो आवाज एकाएकी बसला. सकाळी उठली की घसा धरलेला, छातीत घरघर, खोकून खोकून नाकी नऊ यायचे. वाफारे झाले, काढे झाले, काडीचाही फरक नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "परगावी गेल्यावर कसं असतं?"

मावशी विचारात पडली. "भाचीकडे आठवडाभर राहिले होते, तेव्हा खणखणीत होते हो."

"औषध देतो. पण घरही तपासून घ्या. घरातलंच काहीतरी दमा उठवत असणार."

मावशीचं घर म्हणजे आरसा. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, 'माझ्या घरात? शक्यच नाही!' मावशीने मात्र सरळ बुरशी तपासणाऱ्या बाईंना बोलावलं आणि कपाट सरकवायला मला.

कपाटामागची भिंत बघून आम्ही दोघी मागेच सरलो. काळे-हिरवे ठिपके पार छतापर्यंत चढले होते. तपासनीस बाईंनी ओलावा मोजायचं यंत्र भिंतीला टेकवलं, तर ते कोकलायलाच लागलं. मग त्यांनी एक छोटा पंप लावून खोलीतली हवा डबीत खेचली. दुसऱ्या डबीत गॅलरीतली.

"बाहेरची कशाला?" मी विचारलं.

"बुरशीचे कण हवेत सगळीकडेच असतात. बाहेरच्यापेक्षा घरात किती जास्त, ते बघायचं. आणि नुसतं पुसून किंवा रंग मारून भागणार नाही हं. पाणी वरून येतंय, ते आधी थांबवा."

वर राहायचे कर्नल. सैन्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण मिशांमुळे इमारतीने पदवी देऊन टाकली होती. एकटेच असायचे; लेक परगावी. बेल वाजवली तर दाराच्या फटीतूनच गरजले, "माझ्याकडून थेंबही गळत नाही! फोडाफोडी चालणार नाही!" आणि दार आपटलं.

माझं डोकं सणकलं. "सोसायटीत तक्रार करू," मी म्हटलं. मावशीने मला हातानेच गप्प केलं. आतून खोकल्याची उबळ ऐकू येत होती. कोरडी, लांबलेली.

"काका," ती दाराशी वाकून म्हणाली, "कधीपासून आहे हो हा खोकला?"

"वय झालंय माझं."

"लेकीकडे गेलात की असतो?"

मग कडी निघाली.

"तिकडे नसतो," कर्नल म्हणाले. मिशा तेवढ्या ताठ होत्या, माणूस मात्र खचलेला दिसत होता. "पण बाथरूम फोडलं तर मी राहू कुठे? लेकीचं घर केवढंसं. तिला सांगू नका."

"माझ्या हॉलमध्ये राहा. तिथली भिंत कोरडी आहे. मी या भाचीकडे जाते."

मला न विचारताच! पण त्या क्षणी मावशीचा मला इतका अभिमान वाटला की माझी मान आपोआप डोलली.

कर्नलकडचीही हवा तपासली. अहवाल आला तेव्हा मावशीच्या खोलीत बुरशीचे कण बाहेरच्या कितीतरी पट निघाले आणि कर्नलकडे त्याहून जास्त. भिंतीतला पाइप सांध्यावर झिरपत होता. प्लंबरने तो बदलला. गवंड्याने नाकातोंडाला मास्क लावून, खोली प्लास्टिकने बंद करून सडका गिलावा खरवडला. मग पंखे लावून भिंती पार वाळवल्या. कर्नल मावशीच्या हॉलमध्ये राहत होते. फुकट राहायचं नाही म्हणून त्यांनी तिची सगळी घड्याळं उघडून साफ केली. एक चालू होतं, तेही बंद पाडलं. काम बघायला आलेली मावशी पोट धरून हसली, आणि हसताना तिला खोकला आला नाही.

तिचा आवाज हळूहळू मोकळा झाला. कर्नलचं मात्र दुखणं जुनं. फुप्फुसांना थोडी इजा झालीच होती. श्वासाचा पंप अजून घ्यावा लागतो, पण आता जिन्यात दर पायरीला थांबावं लागत नाही. मावशीनेच समजूत काढल्यावर त्यांनी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग तिने बापाला चांगलंच झापलं.

हल्ली मावशी त्याच पाइपला लागून असलेल्या बाकीच्या घरांची दारं वाजवत असते. तळमजल्यावर नुकतंच बाळ झालंय. तिथे आधी गेली.