जाळ्याची गाठ

"दोन येढे घे. दोन. आता टोक खालून वर काढ अन् वढ."

खाटेवर पडल्यापडल्या लटारू सांगत होता आणि त्याची सून रंभा चैतूच्या कमरेला दोर बांधत होती. दीड वर्षाच्या चैतूला हा कार्यक्रम आता पाठ झाला होता. दोन्ही हात वर करून तो शहाण्यासारखा उभा राहिला. बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं, पण तेंदूपानाला निघालेल्या बायकांच्या हाका गल्लीतून येत होत्या.

"आवळली का?"

"आवळली, मामाजी."

"वढून पाय."

रंभाने ओढून पाहिली. गाठ जागची हलली नाही. लटारूच्या चेहऱ्यावर क्षणभर जुना तोरा आला आणि गेला.

ही जाळ्याची गाठ. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात ती बाप लेकाला शिकवतो, सुनेला कोणी शिकवत नाही. पण पौषात लटारूच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मुलगा इस्तारी होळी झाल्यावर आलापल्लीकडे सागवान तोडायला गेला तो पावसाळ्यापर्यंत येणार नव्हता. फाटकं जाळं वळचणीला तसंच लटकत राहिलं. मग लटारूने ती गाठ रंभाला तोंडी शिकवली, मासे धरायला नाही, पोराला धरायला. तिला ती चार दिवसांत आली. इस्तारीला महिना लागला होता, हे लटारू तिला सांगायचं म्हणत होता, पण सांगायचं राहून गेलं.

दोराचं दुसरं टोक घराच्या मधल्या खांबाला साध्या गाठीने बांधलेलं असे. आधी ते लटारूच्या डाव्या, चालत्या हातात द्यायचे. पण पंधरा दिवसांपूर्वी दुपारी त्याचा डोळा लागला, मूठ सैल पडली आणि चैतूने चुलीतला निखारा उचलला. त्याच्या दोन बोटांवर अजून नवी साल धरायची होती. तेव्हापासून खांब आला. दोराची लांबी मात्र लटारूनेच ठरवून दिली होती. पोर खाटेपर्यंत पोचावं आणि चुलीपर्यंत पोचू नये, एवढी.

शेजारची शकुबाई दारात येऊन उभी राहिली.

"येतेस का नाई व? अन् लेकरं कोणापाशी ठेवतेस?"

"मामाजी हायेत न."

शकुबाईने खाटेकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, आणि ते न बोलणंच लटारूला लागलं. तिला बोलायचा हक्क होता. मागच्या वैशाखात तिने आपली नात पानं तोडायला बरोबर नेली होती. मोहाच्या झाडाखाली फडक्यावर निजवली होती. उन्हं कलल्यावर उठवायला गेली तर पोर उठली नाही.

"आजचा दिस पायतो," रंभा म्हणाली. ती शकुबाईशी बोलत होती, पण लटारूला ऐकू जाईल अशा आवाजात. "जमलं तं जमलं. नाई तं उद्यापासून दोघाले संगं नेतो. दुसरं काय करू, बाई?"

मग ती सहा वर्षांच्या गोकुळाकडे वळली. "आबापाशी राय. आंबील पाज त्याले. दोराले हात लावायचा नाई."

आणि ती गेली. तिच्यामागोमाग सगळी गल्ली गेली. म्हातारी, लंगडी, गरोदर, ज्याला म्हणून पाय होता तो प्रत्येक माणूस त्या पंधरा-वीस दिवसांत पानाला जाई. गावात कुत्री, कोंबड्या आणि लटारू उरला.

सकाळ बरी गेली. गोकुळाने चैतूला आंबील पाजली, निम्मी त्याच्या पोटावर सांडली, निम्मी स्वतः प्यायली. आबाच्या उजव्या हातावर ओलं फडकं टाकलं. या हाताचं तिला भारी कौतुक होतं. ती त्याची बोटं एकेक करून उघडायची आणि ती आपोआप मिटताना बघायची. रंभा रोज संध्याकाळी या हाताला तेल चोळत असे. चोळता चोळता विचारत असे, "आज हालला का, मामाजी?" वैदूने सांगितलं होतं, पाऊस पडायच्या आत हालला तर हालला. लटारू रोज "नाई" म्हणे. हल्ली ती विचारायची थांबली होती.

ऊन चढलं. कौलं तापली तशी घरातली हवा कोंदली. वारा सुटला, तोही भट्टीतला. चैतू किरकिर करून दमला आणि खांबाशी बसून मातीत रेघा ओढू लागला. गोकुळा दारात उभी राहून बाहेर बघत होती.

"आबा, आंब्याखाली जाऊ? हवेनं कैऱ्या पडल्या असतीन."

लटारूने तिच्याकडे पाहिलं. केस घामाने कपाळाला चिकटलेले, पाय तापल्या उंबऱ्यावर आलटून पालटून ठेवत होती. सहा वर्षांच्या पोरीने म्हाताऱ्याच्या खाटेशी बसून किती बसावं? त्याला तिची दया आली. चूक झाली ती तिथेच.

"जा. दोन घे अन् लगबग ये."

ती गेली. थोड्या वेळाने छपरावरून एक कावळा उडाला. त्याची सावली दारातून सरकली आणि तिला धरायला चैतू उठला. सावली गेली खांबामागे, म्हणून तोही खांबामागे. ती सापडली नाही तेव्हा त्याने आणखी एक फेरी मारली. त्याला मजा वाटली. तो हसत हसत फिरत राहिला आणि दोर खांबाला गुंडाळत गेला. पाच-सहा फेऱ्या झाल्यावर तो खांबाला पोट लावून उभा राहिला. आता त्याला पुढे जाता येईना. मागे फिरायचं असतं हे त्याला कुठे ठाऊक?

त्याने भोकाड पसरलं.

"उलटा फिर, बापू," लटारू म्हणाला. "इकून फिर. इकून."

चैतूला आबाचा आवाज कळला, बाकी काही कळलं नाही. आवाज आला तिकडे जायचं, एवढंच त्याला येत होतं. तो आबाकडे यायला झेपावला. दोर कचकन आवळला आणि त्याच्या पोटात रुतला. पोर कळवळलं.

"गोकुळा! ए गोकुळा!"

चैतू पुन्हा झेपावला.

"शकुबाई! कोणी हाये का?"

दारातलं कुत्रं उठलं, आत पाहून पुन्हा बसलं. लटारूने डाव्या हाताने खाटेची कड धरली आणि अंग ओढलं. वीतभर सरकलं. पुन्हा ओढलं. उजवं अंग भिजल्या पोत्यासारखं मागे पडून राहिलं. खांब खाटेपासून चार हातांवर होता. याच माणसाने एकेकाळी पुरात डोंगा नदीपार लोटला होता. त्याला आता चार हात जाता येत नव्हतं.

आणि जेव्हा जेव्हा तो हाक मारी, तेव्हा तेव्हा चैतू त्याच्याकडे झेपावत होता. ते लटारूच्या ध्यानात आलं. पोराचा चेहरा काळानिळा पडू लागला होता. हाक मारली की गाठ आवळते. नुसतं पाहिलं तरी ते हात पसरतं. आणि गाठ तर त्याचीच होती, कधीही न सुटणारी.

लटारूने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तो गप्प पडून राहिला. मागे चैतू रडत होता. मग रडणं तुटक झालं, मग नुसती उचकी, मग तीही लांबलांब. लटारू भिंतीवरचा शेणाचा पोतेरा बघत राहिला. वळून बघावं असं त्याच्या साऱ्या जिवाला वाटत होतं आणि तो वळला नाही. देवाचं नावही त्याने मनातल्या मनात घेतलं, ओठ हलवले नाहीत.

"अगा माय!"

गोकुळाच्या हातातल्या कैऱ्या घरंगळत गेल्या. तिने चैतूला धरलं आणि उलटं फिरवलं, एक फेरी, दोन फेऱ्या. दोर सैल झाला तसा चैतूने मोठा श्वास घेतला आणि असा काही टाहो फोडला की लटारूला रडू कोसळलं. आता त्याने तोंड वळवलं. पोराच्या पोटावर लालभडक पट्टा उठला होता.

"मायले नको सांगू, आबा," गोकुळा म्हणाली. तीही रडत होती.

"नाई सांगत. दोर सोड त्याचा. कमरेतला सोड."

पण ती गाठ तिच्याने सुटली नाही. लटारूने सांगून पाहिलं, तिने दातांनी ओढून पाहिलं. गाठ हलेना. मग तिने खांबाकडची साधी गाठ सोडली आणि मोकळं टोक हातात घेऊन विचार करत उभी राहिली.

"माह्यापाशी दे," लटारूने डावा हात पुढे केला.

"नको. तुले झोप लागते. हा हात दोर सोडते." तिने त्याच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं. "तो नाई सोडत."

गोकुळाने त्याचा मेलेला हात उचलला, मनगटाला दोर गुंडाळला आणि परकराच्या नाडीला बांधते तशी गाठ मारली. पोर पुन्हा कशात गुंतू नये म्हणून दोर तिने आधीच वरच्या बांबूवरून टाकून घेतला होता. लुगडी, गोधड्या लटकायच्या त्या आडव्या बांबूवरून. पाळण्याचा दोर टाकतात तसा.

चैतू दोन पावलं चालला. आबाचा हात वर गेला. तो थांबला, मागे आला. हात खाली. त्याने वर पाहिलं, आबाकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी असतानाच खुदकन हसला. मग त्याला खेळच सापडला. पुढे पळायचं, हात वर. मागे यायचं, हात खाली. गोकुळा हसू लागली. लटारूही हसला. पौषापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

"बाई व! शकुबाई!"

दारात रंभा उभी होती, डोक्यावर पानांचा भारा. बाहेरच्या उन्हातून तिला आतलं अंधुक दिसत असावं. बांबूवरच्या लुगड्यांआडून दोर दिसत नव्हता. वर जाणारा हात तेवढा दिसत होता.

"पाहा न बाई! मामाजीचा हात आला!"

मागून शकुबाई आली, कपाळाला हात लावून तिने आत पाहिलं. हात खाली आला आणि पुन्हा वर गेला. म्हातारीने आपले हात जोडले.

"आला व माय. देव पावला. आता लेकरं रानात न्याचं काम नाई तुले." तिने रंभाचा दंड धरला. "नेऊ नको हां रंभा. घरीच ठेव."

आणि ती गल्लीत सांगायला गेली. रंभा भारा उतरवायला परसात गेली तेवढ्यात गोकुळाने झटकन मनगटावरची गाठ ओढून सोडली, दोर बांबूवरून खाली ओढला आणि टोक खांबाला बांधलं. रंभा आत आली तेव्हा सगळं सकाळच्यासारखं होतं.

संध्याकाळपर्यंत पाच-सात जणं येऊन हात बघून गेली. हात आता हलत नव्हता. "दमला असन," सगळी म्हणाली. लटारूने प्रत्येकाला मान हलवली. सांगावं तर उद्या चैतू मोहाखाली फडक्यावर. न सांगावं तर उद्या पुन्हा तो खांब. जीभ धड असून ती त्याच्या उपयोगाची नव्हती.

दिवेलागणीला रंभा तेलाची वाटी घेऊन बसली.

"रंभा, तो हात..."

"बोलू नका मामाजी. थकले असान."

ती खांद्यापासून चोळत खाली आली. मनगटाशी तिचा अंगठा थांबला. दोराचा बारीक वळ उठला होता तिथे. मग तिने तिथे दोन थेंब तेल जास्त घातलं आणि हलक्या हाताने चोळत राहिली. चिमणीच्या उजेडात तिला दिसलं नसावं, असं लटारू धरून चालला. आज हालला का, असं तिने विचारलं नाही. मांडीवर झोपलेल्या चैतूचा सदरा मात्र तिने दोनदा वर करून पाहिला.

सकाळी त्याला जाग आली तेव्हा रंभा गेलेली होती. गोकुळा चुलीवर राख लोटत होती. चैतू खाटेशी उभा राहून आबाच्या दाढीला हात लावत होता. तो मागे सरकला आणि लटारूचा उजवा हात छातीवरून उचलला गेला.

दोर बांबूवरून आला होता. आखूड केलेला होता, चुलीच्या अलीकडे हातभर थांबेल असा. मनगटाभोवती आधी जुन्या लुगड्याची मऊ पट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर दोर.

"गोकुळा, हे तू बांधलं का?"

"नाई, आबा. मले येत नाई न."

लटारूने डाव्या हाताची बोटं गाठीवर फिरवली. दोन येढे. टोक खालून वर. ओढून पाहिली. गाठ जागची हलली नाही.

बाहेर शकुबाईचा आवाज ऐकू आला, ती मागे राहिली होती. गल्लीतून जाताजाता तिने दारातून हाक दिली, "लटारूभाऊ, पोराले नीट धरजा हां!"

"धरलं हाये, बाई," लटारू म्हणाला.