माझ्या काठावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. अंगावर पोचे पडलेत आणि डोकं फिरलेलं आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या भांड्याकडे जा.

मला कुठल्या तांबटाने घडवलेलं नाही. तुळजापूरच्या जवळ एका गावात दगडी पायऱ्यांची बारव आहे. तिच्या तळाशी साती आसरा राहतात, पाण्यातल्या बाया. त्यांनी मला घडवलं. लोक म्हणतात, आसरा झपाटतात, पोरांना पाण्यात ओढतात. साफ खोटं! त्या इतक्या भोळ्या आहेत की माणसाने लिहिलेलं सगळं त्यांना खरंच वाटतं. त्यांना स्वतःला वेगवेगळी नावं नाहीत, सातही जणी 'आम्ही' म्हणतात. त्यामुळे एखाद्या वस्तूवर माणसाचं नाव दिसलं की ती त्याचीच, असं त्या धरून चालतात.

गावात लग्न असलं की घरची बाई भर दुपारी बारवेवर जायची, हळदकुंकू वाहून भांडी मागायची. थोड्या वेळाने भांडी तरंगत वर यायची. लग्न उरकलं की घासून परत करायची, एवढीच अट. मी कितीतरी मांडवांत राबलो. "काय गार पाणी हाय हो!" असं वऱ्हाडी म्हणायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग रणधीरचं लग्न ठरलं. त्याच्या आईने, धुरपदाबाईने, मला मागून आणलं. "लगीन झालं की परत आणून देते, मायांनो," असा शब्द तिने दिला होता. तिच्या मनात खोट नव्हती. पण रणधीरला माझा मोह पडला. आहेराच्या भांड्यांवर नाव घालायला तो तुळजापूरला निघाला आणि मलाही घेऊन गेला. दुकानातल्या यंत्राने माझ्या काठावर टकटक टिंबं पाडली: रणधीर लिंबाजी. माझ्याऐवजी त्याने बाजारातला स्टीलचा हंडा बारवेत सोडला.

"हंडा तो हंडा. त्यान्ला काय कळतंय, माय?" तो आईला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी स्टीलचा हंडा बारवेच्या पायरीवर परत आलेला होता. त्यानंतर गावातल्या कुणाला साधी वाटीही मिळाली नाही. एकाची लबाडी आणि शिक्षा सगळ्या गावाला! रणधीरने मात्र बंगला बांधला, माझ्यात माती भरून मनी प्लांट लावला आणि मला दारात मांडलं. पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. पाण्यासाठी घडवलेल्या हंड्यात माती! तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

धुरपदाबाई आता थकली आहे. मोडलेला शब्द तिला खातो. आज सकाळी रणधीर सोलापूरला गेला, तशी तिने माती उपसली, मला चिंचेने लख्ख घासलं आणि नात शिवकन्येला घेऊन बारव गाठली. म्हातारी एकेक पायरी जपून उतरत होती. मला मात्र कधी एकदा पाण्यात पडतो असं झालं होतं.

तिने मला पाण्यात सोडलं. खालून एक ओला, हिरवट हात आला. माझ्या काठावरून फिरत फिरत टिंबांपाशी थांबला.

"बाई, ह्याच्यावर नाव हाय. रणधीर लिंबाजी. दुसऱ्याचं आम्ही घेत न्हाय."

आणि त्या हाताने मला पायरीकडे लोटून दिलं.

"मायांनो, तुमचाच हाय हो ह्यो!" धुरपदाबाई रडू लागली. पण पाणी पुन्हा हललं नाही. चोराने खोटं लिहिलं आणि या ते खरं मानून मलाच हाकलतात! त्या क्षणी मला माझ्या आयांचाही भयंकर राग आला.

आता मी अंगणात आडवा पडलो आहे. शिवकन्येने मला घट्ट धरलं आहे आणि धुरपदाबाई कानशीने माझा काठ घासते आहे. इतक्यात रणधीर आला.

"माय, काय करतीस? पत्रा पातळ झालाय, भोक पडंल!"

"पडू दे. तुझं नाव तेवढं जाऊ दे."

"पप्पा, तुम्ही बाजूला व्हा," शिवकन्या म्हणाली.

मित्रांनो, मागून आणलेली वस्तू वापरा, पण तिच्यावर आपलं नाव घालू नका. ते घालायला यंत्राला क्षणभर लागतो. काढताना काय होतं, ते या घडीला मी सोसतो आहे. काठावरचा 'रणधीर' घासून गेला, 'लिंबाजी' अजून बाकी आहे. घास, धुरपदाबाई, थांबू नकोस. भोक पडलं तर पडू दे. फुटका का होईना, मला घरी जायचं आहे.