नथीची तार

"हे सांगून कुणाला पटायचं नाही. पटलं, तर माझी अर्धी मिशी उतरवून न्या," अशी पैज लावूनच तात्याबा तोंड उघडायचे, आणि गिरणीच्या कट्ट्यावर दळणाचा नंबर लावून बसलेली माणसं डबे गुडघ्याला टेकवून सरसावून बसायची. मिशी अजून दोन्ही अंगांनी शाबूत होती, यातच काय ते आलं.

गोष्ट हरणाबाईची, म्हणजे याच गिरणीच्या मालकिणीची. लढाईचं शेवटचं साल. नवरा नानासो पलटणीबरोबर ब्रह्मदेशात. जाण्याआधी त्यानं सांगलीच्या वेशीजवळ विजेवरची ही गिरणी टाकली होती, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली: 'मोटार राखणे. जळाली तर लढाई सरेपर्यंत तिला तांब्याची तार मिळणार नाही.' हरणाबाईला अक्षर येत नव्हतं. पण वाचणाऱ्याच्या तोंडून 'मोटार राखणे' एवढं निघालं की ती उठायची आणि मोटारीवरचं पीठ पदरानं पुसून यायची. मोटार गेली की गिरणी गेली, आणि पेठेतल्या साठ घरच्या बाया पुन्हा जात्याच्या खुंट्याला. हे तिला दुसऱ्यानं सांगायला नको होतं. तिच्या तळहातांचे घट्टे अजून मऊ पडले नव्हते.

आणि वीज तर लहरी. कधी इतकी मंद, की बल्बात नुसतं शेंदराचं बोट उठावं. कधी अशी उसळायची की बल्ब भुतासारखा पांढराफटक. मिरजेच्या वजीर मिस्त्रीनं हरणाबाईला सगळं समजावून ठेवलं होतं. "वैनी, बल्ब शेंदरी झाला की खटका पाडायचा. दाब कमी पडला की मोटार जीव तोडून वढती आन् आतल्या आत जळती. लाइट गेली तरीबी पाडायचा. परत येताना ती लय दांडगाई करत येती." तेव्हापासून हरणाबाईचा एक डोळा दाण्यावर, एक बल्बावर. पेठेत बोलवा झाली, की नवऱ्यावाचून बाई बल्बाशी बोलायला लागली.

त्याच मिस्त्रीनं गिरणीच्या मागं पुरुषभर खड्डा खणून तांब्याचा पत्रा उभा पुरला, त्याची पट्टी भिंतीवरून मोटारीपर्यंत नेली, आणि वर कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. बाया डोळे विस्फारून बघत होत्या.

"काय पुरतासा, मिस्त्री?"

"अर्थिंग. चुकार वीज हिच्या पोटात जाती. हिला रोज पाणी घालायचं. कोरडी पडली की कोपली समजा!"

झालं. दुसऱ्या दिवशी 'अर्थिंग'ची 'अर्थाई' झाली आणि तिसऱ्या दिवशी तिला शेंदूर लागला. दळणाला येणारी बाई आधी तिथं तांब्याभर पाणी आणि चिमूटभर मीठ वाहायची, मग नंबर लावायची. मिस्त्री पहिल्यांदा पोट धरून हसला. मग त्यानं त्या मातीत बोट खुपसलं आणि ओली माती चोळून बघितली. "वैनी, रावळपिंडीपतुर अर्थिंग बघितल्यात मी. असली वली अर्थिंग एका साहेबालाबी राखता आली न्हाई."

आता घोटाळा केला तो हरणाबाईच्या दिरानं, मानसिंगनं. अखितीचा आदला दिवस, पुरणपोळ्यांच्या गव्हाची रांग रस्त्यापर्यंत गेलेली, आणि फ्यूजची तार घडीघडीला उडते म्हणून या पठ्ठ्यानं तारेच्या जागी खिळा बसवला. दुपारी वजीर मिस्त्री पट्टा बघायला आला. त्यानं फ्यूजचं झाकण काढलं आणि कपाळावर हात मारला.

"अरं मानसिंगा, काय केलंस ह्ये?"

"सारखीच मरती तार, म्हणून पक्की सोय केली."

"अरं, ती मरायसाठीच घातलेली हाय रं! ती मेली की मोटार जगती. जिनं पयलं मरायचं, तिलाच अमर केलंस, गड्या!"

मिस्त्रीनं खिळा उपसला. पिशवी उलटी केली, तर तारेचा तुकडा नाही. लढाईपायी मिरजेतही नाही. गिरणी बंद. रांगेतल्या बाया घरच्या जात्याची वाट आठवून हिरमुसल्या.

हरणाबाईनं कान देऊन ऐकलं होतं. तिनं नाकाला हात लावला, नथ काढली, मोती पदराच्या गाठीत बांधले आणि केसाएवढी सोन्याची तार मिस्त्रीपुढं धरली. "ही मरंल न्हवं येळेवर?"

रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. मानसिंग तर पांढरा पडला. "वैनी, दादा रणात हाय, आन् तू नथ उतरतीस?"

"तुज्या दादानं मोटार राखायला सांगितलीया, भावजी. नथीचं एका पत्रात न्हाई."

तार बसली, गिरणी फिरली. आभाळात ढग म्हणून नव्हता. तिसऱ्या पायलीचा गहू पडत होता, आणि बल्ब एकाएकी शेंदरी झाला. हरणाबाई खटक्याकडे झेपावली. हात पोचायच्या आत सगळा उजेड पांढरा झाला, आणि आवाज कुठलाच नाही. गिरणीचा नाही, माणसांचा नाही. हवेत उडालेलं पीठ जागच्या जागी थांबलं. बाहेरच्या खांबावरून वीज उतरली आणि तारेवरून सावकाश, अनवाणी पावलांनी चालत आत आली. नथीच्या तारेपाशी ती थबकली. तार लाल झाली, पिवळी झाली, चांदण्यासारखी झाली, आणि नाहीशी झाली. पुढची वाटच तुटली. वीज मागं वळली, भिंतीवरच्या तांब्याच्या पट्टीवरून खाली गेली, आणि तहानेली गाय एका दमात बादली पिते तसा आवाज अर्थाईच्या पोटातून आला. बाया जिथल्या तिथं गुडघ्यावर बसल्या.

मिस्त्रीनं मोटारीवर तळवा ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "थंड हाय, वैनी. मांजराच्या नाकासारखी थंड."

हरणाबाईनंही हात ठेवला. तो तिला बराच वेळ उचलावासा वाटेना.

"सोन्याचा धूर पिठावर बसला," तात्याबांनी कट्ट्यावर थाप मारली. "अखितीला पेठेतल्या पोळ्या अशा झळकल्या, की जेवायला दिवा लागला न्हाई! अर्थाईच्या पोटातली ऊब किष्णेला गेली, आन् तिकडं वाईच्या घाटावर भटजींनी दोन दिस कढत पाण्यानं आंघोळी केल्या."

"वाई तर वरल्या अंगाला, तात्याबा!"

"वीज ती. तिला चढ काय न् उतार काय? पण नथीची तार? रतीभर मागं राहिली न्हाई. नानासो सुखरूप आला, नवी करतो म्हणाला, तर ही म्हणाली, ती जिथं गेली तिथं बरी हाय. तवापासनं ह्या बाईचं नाक मोकळं, ते आज चार सालं झाली, मोकळंच!"

कट्ट्यावरची एक-दोन माणसं मागं वळून अर्थाईच्या शेंदराकडे बघू लागली. तात्याबांचा हात नकळत मिशीवर गेला.

तेवढ्यात गिरणीचं दार ढकलून पिठानं पांढरीफेक झालेली हरणाबाई उंबऱ्यात आली. "राहीबाई, तुजं दळण झालं गं!"

राहीबाई डबा घ्यायला उठली, हरणाबाईच्या तोंडाकडे बघत तशीच उभी राहिली, आणि सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "आवं तात्याबा, ही नथ न्हाई, तर हरणाक्काच्या नाकात काय बल्ब लटकलाय व्हय?"