गोजरामावशीची पात

ऐक ना रामे, तू शिरपूरले नंदेकडं गेल्ती म्हनून तुले ठाऊक नाई. ही मनकर्णा होती संगं, तिले इचार. मले सांगाच लागते, नाई तं पोट फुगीन माह्यं.

दर साल उकंडरावाच्या वावरात कापूस येचाले रोजानं जातो ना आपन? जिले तिले आपली एक ओळ, तेच तिची पात. जिची पात पयले सरली ते उलटून मांगच्या बाईच्या पातीत येते, अन् मंग दोघी बोलत बोलत वावराच्या कडेले, धुऱ्यावर. गोजरामावशी म्हातारी, डोये कमी, तिची पात आपनच सारून देतो. माय गेल्यावर मले येचाले तिनंच शिकवलं.

परवा उकंडराव म्हने, आजपासून मजुरी शेरावर. जे सगळ्यात जास्त येचीन तिले वरून लुगडं.

बाप्पा, माह्या आंगात वारंच भरलं. पानी प्याले बी उठली नाई. माह्यी पात मावशीच्या बाजूले. तिच्या झाडाईवर असे मोठाले बोंडं फुटलेले, तिले दिसतच नाई. एक घेतलं. मंग डावा हात तिच्याच पातीत चालला. पात सरली तरी मी मांगं उलटली नाई. कोनीच उलटलं नाई.

दिवस बुडता काट्यावर माह्ये बत्तीस शेर भरले, मावशीचे नऊ. उकंडराव म्हने, "गोजराबाई, नऊ शेरासाठी कंबर कायले मोडता? उद्यापासून घरीच बसा."

मी लुगडं धरून उभी. अन् मावशी मले काय म्हने? "पंचफुले, हात चांगला बसला वं तुहा."

काल गेली तं माह्ये अठराच भरले. हातच चालत नाई. जे ते आपल्याच पातीवर डोया ठेवून, बोलनं नाई, हासनं नाई.

मनकर्णे, तू खाली पाहून धुनं काहून आपटून राह्यली? तुही पात तिच्या डाव्या आंगाले होती ना?

तू बी तिचा कापूस घेतला? किती? माह्याइतकाच?

मंग ऊठ. धुनं राहू दे. दोघी जाऊन उकंडरावाले सांगू. वापस घेतलं लुगडं तं घेऊ दे, नेसलीच कोन? आपल्याले काढीन म्हनतं? काढीन तं काढीन. मावशी सकाळपासून दारात बसून राह्यते, कोनी येचाले बलावते का म्हनून. अन् दोन दिवस झाले, मी मांगच्या बोळीतून जाऊन राह्यली.